चित्रांची दोन मापे



पूर्वी गावात एखाद्या दुकानदाराविषयी लोक दबक्या आवाजात बोलत, ‘याच्याकडे दोन मापे आहेत, शेतकऱ्याचे धान्य घेताना एक आणि गिऱ्हाइकाला देताना दुसरे.’ दोन्ही मापे शेजारी ठेवल्याशिवाय ही लबाडी कळत नसे. वर्तमानपत्रांत छापल्या जाणाऱ्या चित्रांच्या बाबतीतही अशी दोन मापे वापरली जातात काय, याचा आज आपण थोडा विचार करू.

चित्रावरून वाद होणे आम्हां कोल्हापूरकरांना नवे नाही. बाबूराव पेंटरांच्या १९२० सालच्या ‘सैरंध्री’त कीचकवधाचे दृश्य इतके हुबेहूब वठले, की ते पुढे कापावे लागले. चित्राची ताकदच तशी असते. अग्रलेख वाचायला सवड लागते. आमच्या मंगळवार पेठेत सकाळी चहाच्या गाड्यावर एकच अंक दहा हातांतून फिरतो. त्यातले दोघे बातमी वाचतात. चित्र मात्र दहाही जण बघतात. म्हणून कोणते चित्र छापायचे आणि कोणते नाही, हे ठरवणाऱ्या संपादकाच्या हाती मोठा अधिकार असतो.

आधी परदेशातले उदाहरण घेऊ. डेन्मार्कमधील ‘युलंड्स-पोस्टन’ या दैनिकाने ३० सप्टेंबर २००५ रोजी मुहंमद पैगंबरांवरील बारा व्यंगचित्रे छापली आणि हे मतस्वातंत्र्याचे काम आहे, असे सांगितले. पण मागाहून उघडकीस आले, की याच पत्राने २००३ साली येशू ख्रिस्ताच्या पुनरुत्थानावरची व्यंगचित्रे परत पाठवली होती; ती वाचकांना रुचणार नाहीत, ओरड होईल, या कारणासाठी! संपादकांचा खुलासा असा, की ती चित्रे आम्ही मागवलीच नव्हती. खुलासा ऐकून घ्यावा. पण ओरड होण्याची काळजी एकदा वाटली आणि एकदा वाटली नाही, हे उरतेच.

आता दुसरी बाजू पाहा. ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने फेब्रुवारी २००६ मध्ये ती डॅनिश चित्रे छापायची नाहीत असे ठरवले, शब्दांत वर्णन पुरेसे आहे, असे त्यांचे म्हणणे. पण त्याच आठवड्यात त्यांनी ख्रिस ओफिली यांचे मेरीमातेचे चित्र छापले. त्या चित्रात हत्तीचे शेण वापरलेले आहे, आणि १९९९ साली न्यूयॉर्कमध्ये त्यावरून मोठे वादळ उठले होते. एक पत्र या बाजूला झुकले, दुसरे त्या बाजूला. तागडी मात्र दोघांचीही वाकडीच.

परक्यांची तागडी तपासणे सोपे असते. आता घरची बघू.

१७ जानेवारी २०१५ रोजी ‘अवधनामा’ या उर्दू दैनिकाच्या मुंबई आवृत्तीत, पॅरिसच्या ‘शार्ली हेब्दो’ साप्ताहिकावरील हल्ल्याच्या संदर्भात त्या साप्ताहिकाचे मुखपृष्ठ छापून आले. संपादिका शिरीन दळवी यांनी माफी मागितली; तरीही त्यांच्यावर खटले झाले, अटक झाली आणि ती आवृत्तीच बंद पडली. त्याच वर्षी नोव्हेंबरच्या अखेरीस ‘लोकमत’च्या रविवारच्या अंकात इसिसच्या पैशांविषयी लेख आला. सोबत डुकराच्या आकाराच्या गल्ल्याचे चित्र होते आणि त्यावर मुसलमानांना पवित्र असलेली अक्षरे होती. कचेऱ्यांवर हल्ले झाले, पत्राने माफी मागितली.

पुढे सप्टेंबर २०१६ मध्ये मराठा समाजाचे मूक मोर्चे जिल्ह्याजिल्ह्यांतून निघत होते. त्या वेळी ‘सामना’त ‘मूक’ आणि ‘मुका’ या शब्दांवर कोटी करणारे व्यंगचित्र आले. ज्या मोर्चांच्या अग्रभागी तरुण मुली चालत होत्या, त्यांची अशी थट्टा लोकांना झोंबली. कचेरीवर दगड पडले. अखेर माफी मागावी लागली. व्यंगचित्रकाराने काढलेले ते दैनिक! इतरांच्या पुढाऱ्यांची व्यंगचित्रे बघून पोट धरून हसणारे पुष्कळ वाचक त्या आठवड्यात हसू शकले नाहीत.

आता प्रत्येकाने आपल्या मनाशी प्रामाणिकपणे आठवावे. ‘अवधनामा’च्या वेळी आपण ‘मतस्वातंत्र्य’ म्हणालो की ‘भावना’? आणि ‘सामना’च्या वेळी? आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचे ते कार्टे, ही म्हण संपादकांना लागू पडते तशी वाचकांनाही पडते. वाचकाचे माप दुटप्पी असेल तर संपादकाचे सरळ राहायचे कसे? त्याला अंक खपवायचा असतो, आणि दगड कुठून येईल याचा अंदाजही घ्यायचा असतो. भीतीपोटी चित्र गाळले, तर त्याने तसे सरळ सांगावे. भीतीला ‘संयम’ हे नाव दिले, की दुटप्पीपणाला तेथूनच सुरुवात होते.

तथापि, सगळीकडे सारखेच वागणे म्हणजे न्याय, असेही नाही. शंकर यांचे १९४९ सालचे व्यंगचित्र घ्या. घटनेच्या गोगलगाईवर डॉ. आंबेडकर बसलेले, हाती चाबूक; मागे पंडित नेहरू, त्यांच्याही हाती चाबूक. २००६ पासून हे चित्र अकरावीच्या राज्यशास्त्राच्या पाठ्यपुस्तकात होते. २०१२ साली त्यावरून संसदेत गदारोळ झाला. सल्लागार सुहास पळशीकर आणि योगेंद्र यादव यांनी राजीनामे दिले आणि पळशीकरांच्या पुणे विद्यापीठातील खोलीची मोडतोड झाली. घटनेला वेळ लागतो आहे, एवढाच एकाला त्या चित्राचा अर्थ दिसतो. पण ज्याच्या आजोबाने चाबूक पाहिलेला नव्हे, सोसलेला आहे, त्याला त्या चित्रात दुसरेच काही दिसते. हे दुखणे खरे असते; ते ऐकलेच पाहिजे. मात्र खोली फोडणे म्हणजे दुखणे सांगणे नव्हे.

मग माप तपासावे कसे? मी तीन प्रश्न सुचवतो. पहिला : चित्रातल्या माणसाच्या जागी माझा पुढारी, माझी जात, माझा देव असता, तर माझे मत हेच राहिले असते काय? दुसरा : हे चित्र बलवंताला टोचते आहे, की आधीच दबलेल्याला? तिसरा : चित्राशिवाय बातमी कळते काय? चित्र हाच वादाचा विषय असेल, तर ते न दाखवता वाचकाने निवाडा करायचा कशावर?

शिक्षकांनी हा प्रयोग वर्गात अवश्य करावा. एकाच दिवसाची दोन-तीन वर्तमानपत्रे घ्यावीत. एकाच घटनेची चित्रे कापून फळ्यावर शेजारी शेजारी लावावीत. कोणाचा चेहरा दाखवला, कोणाचा झाकला, खाली काय ओळ लिहिली, पान कोणते, हे मुलांनाच शोधू द्यावे. मुले फार चटकन ओळखतात हो!

आणि तक्रार असेल तर दगड हा मार्ग नव्हे. आधी संपादकाला लेखी कळवावे. समाधान झाले नाही तर भारतीय वृत्तपत्र परिषदेकडे जावे. ही परिषद शिक्षा देऊ शकत नाही, ताशेरे मात्र ओढू शकते.

आज तर प्रत्येकाच्या खिशात छापखाना आहे. ७ जून २०२३ रोजी आपल्या कोल्हापुरात मोबाइलवरील ‘स्टेटस’च्या चित्रांवरून दगडफेक झाली, लाठीमार झाला, इंटरनेट बंद करावे लागले. ती चित्रे कोणा संपादकाने निवडलेली नव्हती. तेव्हा एखादे चित्र पुढे पाठवण्यापूर्वी तो पहिला प्रश्न स्वतःला एकदा विचारा. संपादकाची तागडी आपण तपासूच. पण आपल्या घरात माप एकच आहे ना, हेही बघू या.