दहा डॉलरची उधारी

(नभोवाणीवरील भाषणाचं संपादित रूप)

आभार मानायचं म्हटलं की आपल्याकडे कार्यक्रमाच्या शेवटी एक जण उठतो, खिशातून चुरगळलेला कागद काढतो आणि मंडपवाल्यापासून माइकवाल्यापर्यंत सगळ्यांची नावं वाचतो. तोवर निम्मी मंडळी चपला शोधायला गेलेली असतात. मीही आयुष्यभर त्या चपला शोधणाऱ्यांतलाच. आज मात्र कागद माझ्या हातात आहे, आणि ज्यांची नावं वाचायची आहेत त्यांतल्या एकालाही मी भेटलेलो नाही.

बोरिवली पश्चिमेला गोराई दोनमध्ये माझा छोटासा फोटो स्टुडिओ होता. १९८५ साली जागतिक बँकेच्या कर्जातून जी योजना सुरू झाली, तिच्यात म्हाडाने चारकोप आणि गोराईत प्लॉट आखून दिले. त्यांतल्याच एका घराचा पुढचा गाळा म्हणजे माझं दुकान. ‘होता’ म्हणतो, कारण मोबाइलच्या कॅमेऱ्याने २०१६ साली आमचं शटर कायमचं खाली ओढलं. त्याबद्दल तक्रार नाही. आमच्या डिजिटल कॅमेऱ्याने रोल धुणाऱ्यांचं तेच केलं होतं.

माझं गिऱ्हाईक दोन तऱ्हेचं. एक वसाहतीतलं, जूनमध्ये शाळाप्रवेशासाठी पासपोर्ट फोटो काढणारं. दुसरं खाडीपलीकडचं, गोराई गावातून होडीने येणारं. नाव एकच, पण मध्ये पाणी. रस्त्याने यायचं तर भाईंदर-उत्तनचा वळसा. तिकडे जाणाऱ्या होडीत सुट्टीच्या दिवशी एस्सेलवर्ल्डला निघालेली पोरं असायची. १९८९ साली सुरू झालेलं ते एस्सेलवर्ल्ड २०२२ मध्ये बंद झालं. २००९ पासून विपश्यना पॅगोडा पाहायला जाणारेही असत. इकडे येणाऱ्या सकाळच्या होडीत मात्र म्हावऱ्याच्या पाट्या. गावातली लग्नं, बारशी, बाप्तिस्मे, जानेवारीतला तीन राजांच्या चर्चचा सण, या सगळ्यांचे फोटो काढायला मी जात असे.

२००२ साली मी पहिला डिजिटल कॅमेरा घेतला. एका लग्नाचे चारशे फोटो. ते कॉम्प्युटरवर बघायचे कसे? विंडोजमध्ये एकेक उघडेपर्यंत चहा गार व्हायचा. एका सीडीवाल्याने मला पन्नास रुपयांत ‘शंभर प्रोग्राम’ असलेली सीडी दिली. त्यातले निम्मे तीस दिवसांनी बंद पडायचे. मग आमच्या दुकानातला पोरगा कुठून तरी एका फ्लॉपीवर एक प्रोग्राम घेऊन आला. इरफानव्ह्यू. एका फ्लॉपीत मावणारा! चिन्ह म्हणून एक लाल मांजर, तेही असं पसरलेलं की अंगावरून गाडी गेली असावी. मांजर आडवं गेलं की काम होत नाही म्हणतात. माझ्या दुकानात हे मांजर दिवसभर आडवं पडलेलं असायचं आणि कामं भराभर व्हायची. स्पेसबार दाबला की पुढचा फोटो. चारशे फोटो एका झटक्यात लहान करायचे, नावं बदलायची, आडव्याचे उभे करायचे, सगळं एका छोट्या खिडकीतून.

हा प्रोग्राम लिहिला इरफान स्किल्यान नावाच्या तरुणाने. गाव बोस्नियातलं यायत्से, शिक्षण व्हिएन्नाच्या तंत्रविद्यापीठात. पहिली आवृत्ती १९९६ सालची. आजही तोच माणूस नवी आवृत्ती काढतो.

आता यातली बारीक अक्षरातली अट सांगतो, कारण माझी सगळी गोष्ट तिथेच अडकली आहे. घरी वापरा, शाळेत वापरा, धर्मादाय कामाला वापरा, एक पैसा नको. धंद्यात वापरलात तर नोंदणी करा आणि फी भरा. त्या वेळी ती दहा डॉलर होती, म्हणजे साडेचारशे रुपयांच्या आसपास. घरी फुकट, दुकानात ‘शेअरवेअर’.

शेअरवेअर ही चीज जुनी आहे. १९८२ साली अमेरिकेत जिम नॉफ आणि अँड्र्यू फ्लूगलमन या दोघांनी एकमेकांना ठाऊक नसताना जवळजवळ एकच गोष्ट केली. आपापला प्रोग्राम लोकांना खुशाल वाटू दिला आणि आत चिठ्ठी घातली, आवडला तर पैसे पाठवा. नॉफने मागितले दहा डॉलर, फ्लूगलमनने पंचवीस. पुढच्या वर्षी बॉब वॉलेसने आपल्या लेखन-प्रोग्रामसाठी ‘शेअरवेअर’ हा शब्द वापरला आणि तो रुळला. आंबेवाला आधी फोड चाखायला देतो, तसंच हे. फरक इतकाच, की इथे अख्खी पेटी घरी नेऊन खाल्ली तरी आंबेवाला दारात येत नाही. नॉफला मात्र इतकी पाकिटं आली की १९८४ साली त्याने आयबीएमची नोकरी सोडली.

मी पाकीट पाठवलं नाही. कारणं तयार होती. परदेशी पैसे पाठवायचे कसे, माझ्याकडे तसलं कार्ड नाही, आणि व्हिएन्नातल्या माणसाला गोराईतल्या दुकानाचं काय पडलंय! खरं कारण साधं होतं. कोणी विचारत नव्हतं.

विचारलं ते एका मावशींनी. त्याची हकिकत सांगतो.

२६ जुलै २००५ चा पाऊस कोणी विसरलेलं नाही. सांताक्रूझच्या वेधशाळेत चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. दहिसर आणि पोईसर नद्यांच्या काठची घरं भरली. पाणी ओसरल्यावर दुकानात एक नवंच गिऱ्हाईक सुरू झालं, भिजलेले आल्बम घेऊन येणारं. पानं एकमेकांना चिकटलेली, वर पिवळे ओघळ, कुबट वास. गोराई गावातल्या एक मावशी होडीने एक फ्रेम घेऊन आल्या. छप्पर गळून भिंतीवरची तसबीर भिजली होती. आत नवऱ्याचा फोटो, काचेला घट्ट चिकटलेला. ते वारून दहा वर्षं झाली होती. दुसरा फोटो नाही. काच ओढली असती तर चेहराच काचेबरोबर आला असता. म्हणून मी फ्रेमसकट स्कॅनरवर ठेवला, आडवा, कारण उभा मावत नव्हता. पहिलं स्कॅन सीडीवर घालून मावशींना दिलं आणि म्हटलं, दुरुस्ती करून आठवड्याने देतो.

आठवडाभर मी त्या फाइलवर काम केलं. फिरवली, सेव्ह केली. डाग काढले, सेव्ह केली. उजळ केली, सेव्ह केली. मावशींचा मुलगा बोटीवर नोकरीला. त्याला ई-मेलने पाठवायचा म्हणून फोटो लहान केला आणि सवयीने, त्याच नावावर, परत सेव्ह केला. भिंतीसाठी पोस्टकार्डाएवढी प्रत काढून दिली, ती छान आली. २००६ साली त्या मुलाचं लग्न ठरलं. मावशी म्हणाल्या, उंबराच्या पाण्याच्या दिवशी बापाचा मोठा फोटो घरात पाहिजे. मी फाइल उघडून मोठी केली, आणि चेहऱ्याच्या जागी चौकोन दिसले. गालावर चौकोन, कपाळावर चौकोन, डोळ्यांच्या जागी दोन काळे ठिपके.

प्रोग्रामचा यात काही दोष नव्हता. ‘जुन्यावर नवी ठेवू का’ असं त्याने मला विचारलं होतं, आणि ‘हो’ मीच म्हटलं होतं.

मावशींना फोन केला. सीडी आहे का? होती, तांदळाच्या डब्यात. कोरडी राहावी म्हणून. दुसऱ्या दिवशी घेऊन आल्या. सीडी लावली, फाइल दिसली, पण विंडोज उघडेना. आमच्या पोराने नाव देताना ‘गोराई डॉट ओल्ड’ असं टाइप केलं होतं, त्यामुळे हा फोटो आहे हेच कॉम्प्युटरला कळत नव्हतं. मी ती फाइल उचलून त्या लाल मांजरावर टाकली. क्षणभर काही नाही. मग एक चौकट आली, की अहो, ही जेपेग फाइल आहे, हिचं आडनाव चुकलंय, बदलू का? आणि मागे काचेतला तो माणूस पडद्यावर आला. डाग, ओघळ, सगळ्यांसकट, पण पूर्ण.

प्रोग्राम नावावर विसंबत नाही, फाइलीची पहिली काही अक्षरं वाचून ती कोणत्या जातीची ते ओळखतो, हे मला नंतर समजलं. मावशींनी डोळे पुसले आणि विचारलं, “हे कोणी केलं?”

मी म्हटलं, “परदेशात एक इरफान म्हणून आहे, त्याने.”

“त्याला पैसे धाडलेस?”

मी गप्प. मावशींचा जन्म बाजारात गेलेला. त्यांना माझ्या तोंडाकडे बघून कळलं. “चार वर्षं त्याची मासळी खातोस नि पैसे देत नाय?” एवढंच म्हणाल्या आणि होडीची वेळ झाली म्हणून उठल्या.

त्या रात्री दुकान बंद करून मी प्रोग्रामबरोबर येणाऱ्या साध्या टेक्स्ट फाइली पहिल्यांदा वाचायला घेतल्या. इरफान एकटा नव्हता. वेगवेगळ्या प्रकारच्या फाइली उघडणारे जोडप्रोग्राम काही भलत्याच लोकांनी लिहून दिले होते, वेगवेगळ्या भाषांतली भाषांतरं स्वयंसेवकांनी केली होती. वाचता वाचता मी आणखी मागे गेलो, आणि तिथे जे सापडलं त्याने माझी झोप उडाली.

जेपेग फाइल उघडण्याचं जगभर वापरलं जाणारं कोड लिहिलं ते ‘इंडिपेंडेंट जेपेग ग्रुप’ने. टॉम लेन यांच्या पुढाकाराने १९९१ पासून हे काम चाललं. ते कोणीही वापरावं, विकाऊ प्रोग्राममध्येही वापरावं. फी नाही. मुख्य अट अशी: सोबतच्या कागदपत्रांत लिहा, की हा प्रोग्राम अंशतः या गटाच्या कामावर आधारलेला आहे. म्हणजे किंमत काय, तर आभाराची एक ओळ! दुसरी मंडळी याहून उदार. जाँ-लू गाय्यी आणि मार्क अ‍ॅडलर यांनी १९९५ साली ‘झेडलिब’ काढलं. पीएनजी चित्रं दाबून लहान करायचं काम तेच करतं. त्यांच्या अटींत म्हटलं आहे, की उल्लेख केलात तर बरं वाटेल, पण सक्ती नाही. ही पीएनजीसुद्धा वैतागातून जन्मली. १९९४ च्या डिसेंबरात जीआयएफच्या पेटंटपायी प्रोग्राम लिहिणाऱ्यांकडे पैसे मागितले जाऊ लागले, तेव्हा थॉमस बौटेल आणि इतरांनी पेटंटमुक्त असा नवा प्रकारच आखून टाकला.

आणि माझे ते चौकोन? जेपेगमध्ये चित्राचे आठ बाय आठ ठिपक्यांचे तुकडे पाडतात. प्रत्येक तुकड्यातल्या ठळक छटा जपतात आणि डोळ्याला फारशा न जाणवणाऱ्या बारीक छटा टाकून देतात. त्यामुळे फाइल लहान होते. पण बदल करून पुन्हा सेव्ह केलं की पुन्हा काहीतरी टाकलं जातं. म्हणूनच फोटो उभा-आडवा करायची वेगळी सोय इरफानव्ह्यूमध्ये आहे. ती चित्र न उलगडता ते चौकोनच फिरवते, त्यात सहसा काही गमावत नाही. ती सोय माझ्यासमोर चार वर्षं होती. मी वापरली नव्हती.

यामागचं गणित बंगळुरूत जन्मलेल्या नासिर अहमद यांचं. १९७२ साली त्यांनी अमेरिकेच्या नॅशनल सायन्स फाउंडेशनकडे या कल्पनेसाठी पैसे मागितले, ते मिळाले नाहीत. त्यांच्याच सांगण्यानुसार, परीक्षकांना ती फार सोपी वाटली. त्यांनी अनुदानाशिवाय काम केलं, आणि टी. नटराजन व के. आर. राव यांच्यासह १९७४ च्या जानेवारीत एक छोटा निबंध छापला. आज तुम्ही मोबाइलवर सकाळी येणारे सुप्रभातचे फोटो बघता ना, त्यातला बहुतेक प्रत्येक या तिघांच्या गणितातून येतो. (त्या फोटोंचा दोष त्यांना देऊ नये.)

एक नाव अगदी आपल्या मुंबईचं. फोटोंच्या फाइलींना मी मराठी नावं द्यायला लागलो तेव्हा विंडोजच्या पडद्यावर जी देवनागरी अक्षरं उमटत, त्या ‘मंगल’ टंकाचे रचनाकार प्रा. र. कृ. जोशी. कवी, सुलेखनकार, मुंबईच्या आयआयटीत शिकवलेले. २००८ साली ते गेले. माझ्या दुकानात रोज त्यांची अक्षरं होती आणि त्यांचं नाव मला ते गेल्यावर वर्तमानपत्रातून कळलं.

तर फी. मावशींच्या मुलालाच विचारलं. लग्नासाठी आला होता, त्याच्याकडे परदेशात चालणारं कार्ड होतं. त्याने दहा डॉलर भरले, मी त्याला रुपये दिले. घेईना, मावशींनी घ्यायला लावले. ई-मेलने नोंदणीचा क्रमांक आला, तो भरला, आणि चौकटीत माझ्या स्टुडिओचं नाव उमटलं.

मावशींना मोठा फोटो द्यायच्या दिवशी मी ती चौकट दाखवली. त्या म्हणाल्या, “आणि ते बाकीचे? ते एक ओळ मागणारे?” मी त्यांना सगळं सांगून बसलो होतो ना!

प्रत्येक फोटोच्या मागे आमचा रबरी शिक्का असायचा: स्टुडिओचं नाव, पत्ता, फोन. मी नवा शिक्का करून घेतला, त्यात खाली मराठीत जेपेग गटाच्या कामाचा उल्लेख करणारी एक ओळ वाढवली. शिक्केवाल्याने विचारलं, ही तुमची नवी शाखा का? मावशींच्या घरातल्या त्या फ्रेमच्या मागे तो शिक्का आहे. शाई थोडी पसरली आहे, पण ओळ वाचता येते.