सॅक्सोफोन वाजवणारी जेस आणि आपल्या गटाची पेटी

आपल्या या कार्यक्रमात आम्ही एरवी हप्ते, व्याज, पापड-मसाले यांवर बोलतो. आज बोलायचंय एका वाद्याबद्दल आणि ते वाजवणाऱ्या मुलीबद्दल.

सॅक्सोफोन तुम्ही पाहिलाय. वरातीत बँडवाल्याच्या गळ्यात अडकवलेलं, खाली वळून पुन्हा वर तोंड केलेलं पितळी वाद्य, तेच. मनोहारी सिंग यांनी वाजवलेला सॅक्सोफोन आपण जुन्या हिंदी गाण्यांत ऐकलाय. बेल्जियमच्या अडॉल्फ सॅक्स या कारागिरानं १८४६ साली पॅरिसमध्ये त्याचं पेटंट घेतलं. अंग पितळेचं, पण सूर निघतो तो तोंडाशी बसवलेल्या वेताच्या पातळ पट्टीतून. युरोपच्या शास्त्रीय वाद्यवृंदात मात्र त्याला कायमची जागा मिळाली नाही.

जेस गिलम ही इंग्लंडमधली, १९९८ साली जन्मलेली. गाव अल्व्हरस्टन, लहानसं. वडिलांचं चहाचं दुकान. सातव्या वर्षी ती जवळच्या बॅरो शहरातल्या कार्निव्हल केंद्रात जाऊ लागली. मिरवणुकीत वाजवायला, नाचायला शिकवणारी ती जागा. तिथंच तिच्या हाती सॅक्सोफोन आला. बाराव्या वर्षापासून ती स्वतःच गावात मैफली भरवू लागली, बाहेरचे नामवंत वादक गावात आणू लागली.

पुढे मँचेस्टरच्या रॉयल नॉर्दर्न कॉलेज ऑफ म्युझिकमध्ये ती रीतसर शिकली. २०१६ साली बीबीसीच्या तरुण वादकांच्या स्पर्धेत अंतिम फेरी गाठणारी ती पहिली सॅक्सोफोनवादक ठरली. पहिला नंबर चेलो वाजवणाऱ्या मुलाचा आला. त्यानं तिचं काही अडलं नाही. २०१८ साली लंडनच्या प्रॉम्स महोत्सवाच्या शेवटच्या रात्री ती भरल्या सभागृहात वाजवत होती.

तिनं स्वतःचा छोटा वाद्यमेळही उभा केला. मोजक्या वादकांच्या अशा मैफलीला तिकडे चेंबर म्युझिक म्हणतात. समोर काठी हलवणारा कुणी नसतो. एकमेकींचा श्वास बघून सुरुवात करायची, दुसरीचा सूर वर आला की आपला खाली घ्यायचा. गटाच्या बैठकीत बसणाऱ्या बाईला हे वेगळं सांगायला नको.

२०२० साली टाळेबंदीत तिनं हाक दिली, ज्याला जे वाद्य जसं येतं तसं घरून वाजवून पाठवा. परीक्षा नाही, निवड नाही. शेकडो लोकांनी पाठवलं आणि त्याचं एक गाणं झालं.

हे सगळं सांगायचं कारण आमच्याच गटातलं. शेळीसाठी कर्ज मागितलं, तर दोन मिनिटांत मंजूर होतं. एका ताईंनी मुलीच्या पेटीसाठी मागितलं, तेव्हा तासभर वाद झाला. "लग्न होऊन जाईल, पेटी कशाला?" शेवटी आम्ही ठरवलं, पेटी गटाच्या नावानं घ्यायची आणि समाजमंदिरात ठेवायची. ज्या मुलीला शिकायचंय, तिनं यावं. आता पाच मुली येतात. शिकवायला भजनी मंडळातल्या एक आजी आठवड्यातून एकदा बसतात.

यातली एखादी मोठी वादक होईल का, हा प्रश्न आम्ही विचारत नाही. जेसच्या हाती वाद्य आलं, कारण घराजवळ दार उघडं असलेली एक जागा होती. मैत्रिणींनो, तुमच्या गावात अशी जागा कुठली? पुढच्या बैठकीत हा विषय घ्या आणि ठरावात लिहून काढा.