ड्रॅगनचे विखुरलेले अवयव
(पिंपळे सौदागर येथील वसंत व्याख्यानमालेत दिलेले व्याख्यान)

‘ड्रॅगन’ या शब्दाला मराठीत नेमका प्रतिशब्द नाही. अनुवादकांनी महासर्प, पंखधारी अजगर असे पर्याय वेळोवेळी योजले, तरी ते रुळले नाहीत आणि आज लहान मुलेही ‘ड्रॅगन’च म्हणतात. हा शब्द मुळात ग्रीक ‘ड्राकोन’वरून आला असून त्याचा संबंध ‘पाहणे’ या अर्थाच्या धातूशी लावला जातो. संस्कृतातील ‘दृश्’ हा धातू त्याच कुळातला असल्यामुळे ड्रॅगन आणि दर्शन हे शब्द दूरचे भाऊबंद ठरतात. जैन परंपरेतील चंडकौशिक हा सर्प ‘दृष्टिविष’ आहे, म्हणजे त्याच्या नुसत्या नजरेने समोरचा भस्म होतो, आणि ग्रीकांनीही या प्राण्याला नाव देताना त्याची नजरच धरली. या समजुतीमागचे शरीरशास्त्र साधे आहे. सापाला हलणाऱ्या पापण्या नसतात, त्याच्या डोळ्यावर एक पारदर्शक खवला बसवलेला असतो आणि त्यामुळे तो कधीच डोळे मिटत नाही. न मिटणाऱ्या डोळ्याची भीती माणसाला सर्वत्र सारखीच वाटली असावी.

सर्पवधाची कथाही अशीच पसरलेली आहे. ऋग्वेदात इंद्र पाणी अडवून बसलेल्या वृत्राला, म्हणजेच ‘अहि’ला मारतो, आणि इराणी परंपरेतील ‘अझि दहाक’ या राक्षसाच्या नावातला ‘अझि’ हा याच ‘अहि’चा सख्खा भाऊ आहे. महाराष्ट्रात मात्र ड्रॅगनसारखा अनेक प्राण्यांपासून जुळवलेला जीव प्रामुख्याने दगडात राहिला: मंदिराच्या उंबऱ्यावर कीर्तिमुख, अभिषेकाचे पाणी बाहेर सोडणाऱ्या पन्हळीला मकर आणि किल्ल्यांच्या दरवाजांवर शरभ. शेतात, घरात आणि गोष्टीत त्याचे अवयव सुटेच राहिले. नजर आणि ठेवा नागाकडे गेला, कडा चढण्याची करामत घोरपडीकडे, आणि हाडे जमिनीखाली दडून राहिली.

हाडांचा प्रश्न महत्त्वाचा आहे, कारण अनेक देशांत ड्रॅगनला आकार दिला तो जीवाश्मांनी, म्हणजे दगड बनलेल्या प्राण्यांच्या अवशेषांनी. ऑस्ट्रियातील क्लागेनफुर्ट येथे १३३५ मध्ये सापडलेली कवटी लोकांनी ड्रॅगनची मानली आणि सोळाव्या शतकाच्या अखेरीस तिच्या आधारे ड्रॅगनचे शिल्प घडवले. ती कवटी लोकरी गेंड्याची, म्हणजे हिमयुगातील केसाळ गेंड्याची होती. चीनमध्ये जीवाश्म ‘ड्रॅगनची हाडे’ म्हणून औषधी दुकानांत कुटून विकली जात. ग्रीक लेखक फिलोस्ट्रेटस याने तर भारतातील डोंगर ड्रॅगनांनी भरलेले असल्याचे लिहिले आहे, आणि विज्ञानेतिहासकार एड्रियन मेयर यांच्या मते त्यामागे हिमालयाच्या पायथ्याशी शिवालिक टेकड्यांत सापडणारी प्रचंड हाडे असावीत.

महाराष्ट्राचा मोठा भाग मात्र सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाच्या थरांनी झाकलेला आहे. पिंपळे सौदागरमध्ये गेल्या काही दशकांत उभ्या राहिलेल्या इमारतींसाठी जे खोल पाये खणले गेले, त्यांतून मुरूम आणि काळा पाषाणच वर आला, कारण वितळलेल्या खडकात सांगाडा टिकत नाही. गोदावरी आणि मांजरा नद्यांच्या जुन्या गाळात हत्तीसारख्या प्राण्यांचे जीवाश्म मिळतात हे खरे, तथापि सह्याद्रीच्या माणसाला नांगराच्या फाळाला अडकलेली राक्षसी मांडी क्वचितच दिसली असेल. ज्याला कवटी दिसत नाही, त्याला त्या कवटीला पंख जोडण्याचे कारणही पडत नाही.

लाव्हाखालचे थर जिथे उघडे पडतात, तिथे चित्र पालटते. चंद्रपूर जिल्ह्यातील पिसदुरा येथे एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास नागपूरचे मिशनरी आणि भूशास्त्राचे अभ्यासक स्टीफन हिस्लॉप यांनी महाकाय सरीसृपांची हाडे गोळा केली. याच गावातील अश्मीभूत विष्ठेत गवताच्या पेशींतील सिलिकाचे सूक्ष्म कण सापडले आणि डायनोसॉरच्या काळी गवत अस्तित्वात होते, हे २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनातून सिद्ध झाले. ड्रॅगनच्या शेणातून इतके ज्ञान निघेल, असे कोणत्याही पुराणकाराला सुचले नव्हते. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या नागपूर कार्यालयातील धनंजय मोहबे यांना गुजरातमधील ढोली डुंगरी येथे डायनोसॉरच्या अंड्यांचे घरटे मिळाले होते, त्यातील काही मणके डायनोसॉरचे नसून सापाचे असल्याचे पुढे लक्षात आले. सुमारे साडेतीन मीटर लांबीचा तो साप फुटलेल्या अंड्याभोवती वेटोळे घालून, नुकत्याच बाहेर पडलेल्या पिलाशेजारी गाडला गेला होता, आणि २०१० मध्ये त्याला ‘सनाजे इंडिकस’ हे नाव मिळाले. २०२४ मध्ये कच्छच्या पानंध्रो लिग्नाइट खाणीतील २७ मणक्यांवरून वर्णन झालेल्या, ११ ते १५ मीटर लांबीचा अंदाज असलेल्या सापाला तर संशोधकांनी थेट ‘वासुकी’ हेच नाव दिले.

जिवंत प्राण्यांत ड्रॅगनचा खरा नातलग म्हणजे घोरपड. इंडोनेशियातील तीन मीटरपर्यंत वाढणारा कोमोडो ड्रॅगन, ज्याचे शास्त्रीय वर्णन १९१२ मध्ये झाले, आणि सह्याद्रीतील पावणेदोन मीटरच्या आतली घोरपड हे दोन्ही ‘व्हॅरॅनस’ या एकाच प्रजातीगटातले प्राणी आहेत. तानाजी मालुसरे यांनी ४ फेब्रुवारी १६७० च्या रात्री यशवंती घोरपडीच्या कमरेला दोर बांधून सिंहगडाचा कडा सर केला, ही कथा शाहीर तुळशीदासाच्या पोवाड्याने घराघरांत नेली. सभासदाच्या बखरीत मात्र कडा चढतात ते वानरासारखे चपळ मावळे, आणि घोरपडीचा पत्ता नाही. शिवाय हीच कथा मुधोळच्या घोरपडे घराण्याच्या परंपरेत सुमारे दोनशे वर्षे आधी, बहमनी काळातील खेळणा किल्ल्याच्या संदर्भात येते आणि तिथे ती आडनावाचा उगम सांगते. एकच प्रसंग दोन गडांवर आणि दोन शतकांत घडलेला दिसतो, तेव्हा तो इतिहासापेक्षा लोककथेच्या फिरत्या भांडवलाचा भाग मानणे अधिक सयुक्तिक ठरते. कथेला आधार आहे तो निरीक्षणाचा: घोरपडीची नखे वाकडी व बळकट असतात आणि कपारीत शिरून तिने अंग फुगवले की तिला ओढून काढणे कठीण जाते. मात्र स्वतःचे काही किलो वजन धरून ठेवणारी पकड दोराला लोंबकळणाऱ्या सशस्त्र माणसाचा भार पेलणार नाही. तिची खरी शोकांतिका अशी की पराक्रमाच्या गाण्यात तिला स्थान मिळाले तरी तेलासाठी आणि मांसासाठी तिची शिकार होतच राहिली, आणि नर घोरपडीचे वाळवलेले जननेंद्रिय ‘हत्था जोडी’ नावाची दुर्मीळ मुळी म्हणून पूजासाहित्यात विकले गेले, जरी १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने ती संरक्षित आहे.

युरोपातील ड्रॅगन सोन्याच्या राशीवर बसतो, तसा मराठी लोकसमजुतीत पुरलेल्या धनावर भुजंग बसतो. धान्य असेल तिथे उंदीर आणि उंदीर असेल तिथे नाग हे ओघानेच येते, आणि हंडे पुरले जात ते जुन्या भिंतींच्या पायाशी, म्हणजे नेमके सापांच्या वस्तीत. फरक पुढे दिसतो. नागपंचमीच्या कहाणीत नांगराखाली पिले मेल्यामुळे नागीण शेतकऱ्याचे घर निर्वंश करायला निघते, परंतु सासरी असलेल्या लेकीने केलेली पूजा पाहून ती शांत होते आणि मेलेल्यांना जिवंत करते. त्या दिवशी नांगरणे आणि चिरणे वर्ज्य असते. या कहाणीत सापाला मारून कीर्ती मिळवणारा कोणी वीर नाही, अपराधी आहे तो शेतकरी.

उरते ती आग. कोणताही प्राणी ज्वाळा ओकत नाही, परंतु घोणस किंवा फुरसे डसल्यावर दंशाच्या जागी उठणाऱ्या वेदनेला मराठी माणूस ‘आग’ हाच शब्द वापरतो, आणि सापाचा फूत्कार व नंतरचा हा दाह एकत्र केला की आग ओकणारे तोंड तयार होते. या आगीवरचा उतारा पिंपळे सौदागरपासून जवळच, पिंपरीतील हाफकिन महामंडळाच्या प्रकल्पात घोड्यांच्या साहाय्याने तयार होतो. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चार सापांचे विष अतिशय अल्प मात्रेत, क्रमाक्रमाने वाढवत घोड्याला टोचले जाते. त्याच्या रक्तात प्रतिपिंडे, म्हणजे विषाला निष्प्रभ करणारी प्रथिने निर्माण होतात, आणि रक्तद्रवातून ती वेगळी करून शुद्ध केली जातात. युरोपच्या चित्रांत संत जॉर्ज घोड्यावर बसून भाला रोखतो आणि घोडा केवळ वाहन असतो. पिंपरीच्या घोड्यावर स्वार नसतो. त्याच्या रक्तातून निघालेली पांढुरकी भुकटी कुपीत बंद होऊन ग्रामीण रुग्णालयात पोहोचते आणि पाण्यात विरघळवून सलाइनच्या नळीतून दंश झालेल्या माणसाच्या शिरेत सोडली जाते.