पथक क्रमांक ३५१

सैन्यातील एखाद्या पथकाचा इतिहास सांगावयाचा म्हणजे शंभर-दीडशे वर्षे मागे जावे, जुन्या निशाणांची व पदकांची मोजदाद करावी, असा आपल्याकडील परिपाठ आहे. आज ज्या पथकाची हकीगत सांगावयाची आहे त्याचे वय मात्र अगदी कोवळे आहे. भूसेनेच्या आर्मी एव्हिएशन कोअरमधील ३५१ क्रमांकाचे स्क्वॉड्रन १ जून २०२२ रोजी बेंगळूरु येथे उभारले गेले. प्रचंड या भारतीय बनावटीच्या लढाऊ हेलिकॉप्टरांचे भूसेनेतील हे पहिले पथक. गंमत अशी की, पथक उभे राहिले त्या दिवशी त्याच्यापाशी या जातीचे एकही हेलिकॉप्टर नव्हते. पहिले हाती आले ते त्याच वर्षीच्या सप्टेंबरअखेरीस. माणसे आधी आली आणि यंत्र मागून आले.

पण या पथकाची खरी जन्मकथा बेंगळूरुत सुरू होत नाही. ती सुरू होते १९९९ च्या उन्हाळ्यात, कारगिलच्या डोंगरांवर. त्या वेळी भारताजवळ हल्ल्याची हेलिकॉप्टरे नव्हती असे नाही. रशियन बनावटीची मि-२५ आणि मि-३५ ही बलदंड यंत्रे वायुदलापाशी होती. परंतु शत्रू बसला होता तो पंधरा-सोळा हजार फुटांवरील शिखरांवर, आणि तेथे ही यंत्रे उपयोगी पडण्यासारखी नव्हती.

याचे कारण हवेत आहे. हेलिकॉप्टर तरंगते ते आपल्या पात्यांनी हवा खाली लोटून. पाच हजार मीटर उंचीवर हवेची घनता समुद्रसपाटीच्या मानाने जेमतेम साठ टक्के उरते. पात्यांना रेटावयास हवा कमी, आणि इंजिनाला श्वासासाठी तीच विरळ हवा. अशा ठिकाणी पूर्ण भाराने सुमारे ११ टन भरणारे चिलखती यंत्र शस्त्रे, इंधन आणि माणसे घेऊन कसे लढणार? तेव्हा मि-१७ या मूळच्या वाहतुकीच्या हेलिकॉप्टरांना अग्निबाण बसवून ते काम त्यांच्याकडून करून घेण्यात आले. २८ मे १९९९ रोजी तोलोलिंगवर हल्ला करीत असता त्यांपैकी एक खांद्यावरून सोडलेल्या क्षेपणास्त्राने पाडले गेले व त्यातील चौघेही वायुसैनिक मृत्यू पावले. त्यानंतर हल्ल्याच्या कामातून ही हेलिकॉप्टरे मागे घ्यावी लागली. त्या चौघांच्या शौर्याविषयी पुष्कळ बोलले गेले आहे, आणि ते योग्यच आहे. तथापि ज्या कामासाठी यंत्र घडलेले नाही, त्या कामावर त्यात बसून जाण्याची पाळी त्यांच्यावर का आली, हा प्रश्न शौर्याच्या स्तुतीने मिटत नाही.

या प्रश्नाचे उत्तर बेंगळूरुकडून यावयाचे होते. विमाननिर्मितीचे हे केंद्र मूळचे एका सोलापूरकराच्या धडाडीचे फळ आहे, हे मराठी श्रोत्यांना ठाऊक असेलच. वालचंद हिराचंद यांनी म्हैसूर संस्थानच्या साहाय्याने डिसेंबर १९४० मध्ये हिंदुस्थान एअरक्राफ्ट ही कंपनी स्थापिली. १९६४ मध्ये तिचे हिंदुस्थान एरोनॉटिक्स झाले. चेतक आणि चीता ही फ्रेंच आराखड्यांची हेलिकॉप्टरे येथेच परवान्याने बनू लागली. पुढे जर्मन साहाय्याने आखलेले ध्रुव ऑगस्ट १९९२ मध्ये आकाशात झेपावले. दुसऱ्याच्या आराखड्यावर हात बसविण्यात गेलेली ही वर्षे वाया गेली असे समजण्याचे कारण नाही. नव्या यंत्राची पाती, गतिवाहक यंत्रणा आणि शक्ती हे फ्रेंच कंपनीच्या सहकार्याने विकसित झालेले इंजिन, हे सारे ध्रुवच्याच घराण्यातले आहे.

सरकारी मंजुरी मिळाली २००६ च्या ऑक्टोबरात, म्हणजे कारगिलनंतर सात वर्षांनी. पहिला नमुना २९ मार्च २०१० रोजी बेंगळूरुत उडाला. त्यानंतर वजन घटविणे, लेहच्या थंडीत इंजिन सुरू होते की नाही हे पाहणे, राजस्थानच्या उन्हात यंत्र तापविणे, सियाचिनच्या तळांवर उतरविणे, अशा चाचण्यांत वर्षामागून वर्षे गेली. विलंबाचा सगळा दोष दप्तरांवर टाकण्याची आपल्याला सवय आहे. काही दोष दप्तरांचा असेलही. पण विरळ हवेला शिफारसपत्र चालत नाही. मंजुरीपूर्वीच्या सात वर्षांचे समर्थन मात्र या युक्तिवादाने होत नाही. २०२० मध्ये लडाखच्या सीमेवर तणाव वाढला तेव्हा सेवेत रीतसर दाखल होण्यापूर्वीच या जातीची दोन हेलिकॉप्टरे लेहला धाडावी लागली, ही गोष्ट पुरेशी बोलकी आहे. अखेर मार्च २०२२ मध्ये पंधरा हेलिकॉप्टरांची खरेदी मंजूर झाली. त्यांपैकी दहा वायुदलाला आणि पाच भूसेनेला.

३ ऑक्टोबर २०२२ रोजी जोधपूरला वायुदलाच्या पथकात ते सामील झाले, तेव्हा त्याचे ‘प्रचंड’ असे नामकरण झाले. मराठी कानाला हे नाव थोडे फसविते. आपल्याकडे प्रचंड म्हणजे अवाढव्य; हे यंत्र तर अंगाने सडपातळ, कमाल वजन ५.८ टन, आणि दोन वैमानिक एकामागे एक बसतील एवढेच रुंद. संस्कृतातील उग्र हा अर्थ घेतला म्हणजे नाव शोभते. नाकाखाली २० मिलिमीटरची तोफ, आणि वैमानिक मान वळवील तिकडे शिरस्त्राणाच्या संकेताने तीही वळते. शिवाय ७० मिलिमीटरचे अग्निबाण आणि हवेतल्या हवेत मारा करणारी क्षेपणास्त्रे. रणगाडाभेदी क्षेपणास्त्र मात्र सेवेत येताना त्यावर नव्हते. ही उणीव जाणकारांनी तेव्हाच दाखविली होती.

भूसेनेला स्वतःचे असे पथक मिळाले, याला आणखी एक अर्थ आहे. आर्मी एव्हिएशन कोअर १ नोव्हेंबर १९८६ रोजी स्थापन झाली. त्याआधी भूसेनेचे वैमानिक हे मुख्यतः तोफखान्याचे डोळे होते. गोळा कोठे पडला हे वरून पाहून सांगावयाचे, हे त्यांचे काम. देवळालीचा तोफखाना आणि नाशिकच्या गांधीनगर धावपट्टीवरील भूसेनेची वैमानिक शाळा यांचे शेजार या दृष्टीने अर्थपूर्ण आहे. हल्ल्याची मोठी हेलिकॉप्टरे मात्र वायुदलाच्याच पथकांत राहिली. ध्रुवचे सशस्त्र रूप असलेले रुद्र भूसेनेत आले होते. पण केवळ लढण्यासाठीच घडविलेले यंत्र तिच्या स्वतःच्या पथकात आले ते ३५१ मध्ये.

पथकाचे ठाणे ठरले आसामातील मिसामारी. ब्रह्मपुत्रेच्या उत्तरेला, तेजपूरच्या जवळ असलेल्या या गावाच्या पुढे अरुणाचलाचे डोंगर चढू लागतात आणि तेरा हजार फुटांहून उंच असलेल्या सेला खिंडीपलीकडे तवांग येते. १९६२ च्या हिवाळ्यात ज्या वाटेने आपले सैनिक पायी माघारी आले, तीच ही वाट.

पाच हेलिकॉप्टरांनी अशी सीमा झाकली जात नाही, हे उघड होते. २८ मार्च २०२५ रोजी आणखी १५६ प्रचंडसाठी सुमारे ६२,७०० कोटी रुपयांचे करार झाले. त्यांतील ९० भूसेनेसाठी आहेत. बेंगळूरु आणि तेथून जवळच असलेल्या तुमकूरु येथील कारखान्यांत ती बांधावयाची आहेत. करारानुसार पहिले यंत्र तिसऱ्या वर्षी बाहेर पडावयाचे, आणि उरलेली पुढील पाच वर्षांत.