कुपीत नेमके किती?

(संस्थेच्या वार्षिक समारंभात केलेले भाषण)



मला रसायनशास्त्रावर बोलावयास सांगितले आहे. विषय शोधण्याचे माझे कष्ट एका माजी विद्यार्थ्याने वाचविले. मुलगा कामशेतच्या बाजूचा, लोणावळ्याला व्यायामशाळेत जातो. खांदा दुखावला म्हणून त्याने कोणाकडून तरी पांढऱ्या भुकटीची कुपी मागविली. पेप्टाइड, ५ मिलिग्रॅम. बारीक अक्षरांत ‘केवळ संशोधनासाठी’. सोबत दाखला : शुद्धता ९९ टक्के. “सर, दाखला आहे, मग टोचून घ्यायला काय हरकत?”

पेप्टाइड म्हणजे अमिनो आम्लांची साखळी. मधुमेहींचे इन्शुलिन त्याच कुळातले. तेव्हा नावाला भिण्याचे कारण नाही, पण दाखला नीट वाचला पाहिजे. आपल्या बाजारात चिक्की घेताना शेंगदाणा चांगला आहे का, हा एक प्रश्न. पुडा पाव किलो भरतो का, हा दुसरा. शुद्धतेचा आकडा फक्त पहिल्याचे उत्तर देतो. भुकटीत पाणी व क्षारही असतात, ते त्या आकड्यात बहुधा धरलेलेच नसतात. ९९ टक्के शुद्ध कुपीत ५ ऐवजी ३ किंवा ७ मिलिग्रॅम निघू शकते. ते कळावयाचे तर प्रमाण ठाऊक असलेल्या संदर्भ नमुन्याशी ताडून मोजावे लागते. आणि नमुना निवडला कोणी? विकणाऱ्यानेच! एका घाण्याचा निकाल दुसऱ्या घाण्याला लागू नाही. निर्जंतुकपणाची परीक्षा तर वेगळीच.

समजा, ५ मिलिग्रॅम खरेच आहे. २ मिलिलिटर पाण्यात ते विरघळविले. १०० युनिटच्या सिरिंजवर १० युनिट म्हणजे ०.१ मिलिलिटर, औषध पाव मिलिग्रॅम. पण या मुलाच्या घरी आजीची लाल टोपणाची, ४० युनिटची सिरिंज होती. तिच्यावर १० म्हणजे पाव मिलिलिटर. औषध अडीचपट! फळ्यावर हे गणित मांडले तेव्हा तो गप्प झाला.

१९८६ साली मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात औषधी म्हणून आलेल्या ग्लिसरॉलमध्ये डायएथिलीन ग्लायकॉल निघाले. १४ रुग्ण दगावले. न्यायमूर्ती लेंटिन आयोगाने पुढे त्याची चौकशी केली. बाटलीवरचे नाव एक, आतली वस्तू दुसरी. आणि तेथे तर सरकारी रुग्णालय होते.

१९४० च्या औषधे व सौंदर्यप्रसाधने कायद्याच्या २६ व्या कलमान्वये कोणीही नागरिक विकत घेतलेले औषध ठरलेली फी भरून सरकारी विश्लेषकाकडून तपासून घेऊ शकतो. वकिलांनाही हे कलम चटकन आठवत नाही, असा माझा अनुभव आहे. मात्र या कुपीला ना बिल, ना उत्पादकाचा पत्ता. दोष निघालाच तर धरावयाचे कोणाला?

कुपी अजून माझ्या टेबलावर आहे, सील न फोडलेली. खांदा त्याने पुढच्या आठवड्यात तळेगावला डॉक्टरांना दाखविला.