सरावाच्या मैदानापासून आराखडा



ग्लासगो येथे 26 नोव्हेंबर 2025 रोजी 2030 च्या राष्ट्रकुल क्रीडा स्पर्धांचे यजमानपद अहमदाबादला मिळाले आणि 1930 साली कॅनडातील हॅमिल्टन येथे सुरू झालेल्या या स्पर्धांची शताब्दी भारतात साजरी होणार हे निश्चित झाले. 2036 च्या ऑलिंपिकसाठीही भारत उत्सुक असल्याने बहुक्रीडा स्पर्धा, म्हणजे अनेक खेळांचे सामने एकाच शहरात साधारण पंधरवड्याच्या आत घेणारी स्पर्धा, कोठे व कशा जागेत भरवायची हा प्रश्न या परिषदेस जमलेल्या तरुण व्यावसायिकांच्या उमेदीच्या वर्षांत वारंवार समोर येणार आहे. अशी स्पर्धा जाहीर झाली की चर्चा पहिल्या दिवसापासून मुख्य स्टेडियम किती हजारांचे, या एकाच आकड्याभोवती फिरू लागते. प्रस्तुत भाषणातील प्रतिपादन असे की, आराखडा सरावाच्या मैदानापासून काढायला घ्यावा आणि प्रेक्षकांच्या आसनांचा हिशेब सर्वांत शेवटी करावा.

सरावाचे मैदान ही ऐच्छिक सोय नव्हे. ऍथलेटिक्सच्या सर्वोच्च दर्जाच्या स्पर्धांसाठी मुख्य ट्रॅकखेरीज जवळच दुसरा ट्रॅक लागतो. शर्यतीपूर्वी अंग गरम करणे, स्नायू सैल करणे आणि ठरल्या वेळी पाचारण कक्षात हजर होणे हे सारे तेथून घडते. मँचेस्टरने 2002 च्या राष्ट्रकुल स्पर्धांसाठी उभारलेल्या मुख्य स्टेडियममधील ट्रॅक स्पर्धा संपताच काढण्यात आला, मैदान खणून खाली नेण्यात आले, तेथे आसनांचा आणखी एक थर बसवण्यात आला आणि 2003 पासून तेथे मँचेस्टर सिटी हा फुटबॉल संघ खेळू लागला. हा सर्व बदल मूळ आराखड्यातच ठरलेला होता, म्हणून तो सुरळीत पार पडला. मात्र शहरातील धावपटूंना त्या स्पर्धेतून काय उरले, हे पाहायचे तर शेजारच्या सरावाच्या ट्रॅककडे पाहावे लागते. मोठे स्टेडियम फुटबॉलचे झाले, आणि ऍथलेटिक्स त्या लहान मैदानात टिकून राहिले.

खेळाचा खरा कस जमिनीवर लागतो, छतावर नव्हे, हे मापांवरून सर्वांत स्पष्ट कळते. प्रमाणित ट्रॅकच्या दोन सरळ बाजू प्रत्येकी 84.39 मीटर, वळणाची त्रिज्या 36.50 मीटर, आणि अंतर मोजायचे ते आतल्या कडेपासून 30 सेंटीमीटर बाहेर सरकून. हा हिशेब जुळला तरच पहिल्या लेनमधील धावपटू बरोबर 400 मीटर धावतो. प्रत्येकी 1.22 मीटरच्या आठ लेन धरल्या तर बाहेरची लांबी सुमारे 177 मीटर होते, आणि म्हणूनच क्रिकेटच्या मैदानात ट्रॅक सहज मावेल ही समजूत कागदावर आकृती काढताच गळून पडते. जलतरण तलावाची गोष्ट त्याहून नाजूक आहे. 1972 च्या म्युनिक ऑलिंपिकमध्ये 400 मीटर वैयक्तिक मेडलेत स्वीडनचा गुन्नार लार्सन आणि अमेरिकेचा टिम मॅकी यांची वेळ शतांशापर्यंत अगदी सारखी, 4 मिनिटे 31.98 सेकंद, भरली आणि सुवर्णपदक दोन सहस्रांश सेकंदांच्या फरकाने लार्सनला देण्यात आले. तेवढ्या वेळात जलतरणपटू जेमतेम तीन मिलिमीटर पुढे सरकतो, तर 50 मीटर तलावाच्या बांधकामात दोन लेनच्या लांबीत त्याहून अधिक फरक नियमांनाच मान्य असतो. पुढे निकाल शतांशापर्यंतच मोजण्याचा नियम आला, तो गवंडीकामाची ही मर्यादा ओळखून. वेळ नोंदवणाऱ्या स्पर्शपट्ट्या दोन्ही भिंतींवर बसवल्यानंतर उरणारे अंतर 50 मीटर भरले पाहिजे, म्हणून तलाव मुळातच बोटभर लांब बांधावा लागतो. हे ध्यानात न घेता बांधलेल्या तलावात झालेल्या विक्रमांना पुढे अर्थच उरत नाही. पैसा आणि देखरेख आधी या बोटभर अंतरावर खर्च व्हावी, दर्शनी भिंतीची पाळी त्यानंतर येते.

प्रेक्षकांच्या आसनांचे तसे नाही. ती भाड्याने आणता येतात, जोडता येतात आणि काढून नेता येतात. स्पर्धेपुरत्या उभारलेल्या अशा सर्व सोयींना, म्हणजे लोखंडी सांगाड्यावरील गॅलऱ्या, तंबू, जनरेटर, प्रक्षेपणाच्या गाड्यांचा तळ, कुंपणे आणि तपासणीचे दरवाजे यांना मिळून या व्यवसायात ओव्हरले असे म्हणतात. लंडनने 2012 साली 80,000 प्रेक्षकांचे स्टेडियम असे आखले की त्यातील सुमारे 55,000 आसने काढता यावीत, आणि बास्केटबॉलचे पांढऱ्या आवरणाचे 12,000 आसनांचे सभागृह तर पूर्णपणे उतरवून ठेवले. तरीही त्या स्टेडियमचे पुढे फुटबॉलसाठी रूपांतर करताना छत आणि आसने नव्याने घडवावी लागली व मोठा खर्च आला, कारण काढता येणे आणि दुसऱ्या कामास येणे या दोन निराळ्या गोष्टी असून दुसरीचा निर्णय वेळेवर झाला नव्हता. ग्लासगोने 2014 साली याहून धाडसी वाट धरली: हॅम्पडेन पार्क या जुन्या फुटबॉल मैदानात खालच्या रांगा काढून, पोलादी खांबांवर सुमारे दोन मीटर उंचीचा तात्पुरता तळ रचून त्यावर ट्रॅक टाकला आणि स्पर्धेनंतर मैदान फुटबॉलला परत दिले. पॅरिसने 2024 साली पोहण्याच्या शर्यती रग्बीच्या बंदिस्त स्टेडियममध्ये बसवलेल्या तात्पुरत्या तलावात घेतल्या, तर कायमचा नवा तलाव सेन-सॅं-दनी या, पोहता न येणाऱ्या मुलांची संख्या मोठी असलेल्या उपनगरी भागात बांधला. जेथे गरज रोजची तेथे काँक्रीट, जेथे गर्दी पंधरा दिवसांची तेथे सांगाडा, एवढा साधा निवाडा त्यामागे आहे.

महाराष्ट्राला तात्पुरत्या बांधणीचे हे शास्त्र परके वाटण्याचे कारण नाही. नाशिकच्या सिंहस्थात साधुग्राम वसते आणि उठते. आषाढी वारीत रिंगणासाठी मोकळे रान साफ होते, लाखो डोळ्यांसमोर अश्व धावतो आणि काही दिवसांत त्याच रानात औत चालते. पाणी, संडास, रस्ते, गर्दीचा ओघ आणि रुग्णसेवा यांचे तेथे साठलेले ज्ञान अधिकाऱ्यांच्या बदलीबरोबर विखुरते, ही खंत आहे. ते क्रीडानियोजनाच्या अभ्यासक्रमात रीतसर यायला हवे.

बालेवाडीचे उदाहरण या दृष्टीने सविस्तर पाहण्याजोगे आहे. 1994 च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांसाठी म्हाळुंगे-बालेवाडीच्या शिवारात श्री शिवछत्रपती क्रीडा संकुल उभे राहिले, तेव्हा पुणे शहर तेथपर्यंत पोहोचले नव्हते. 2008 च्या ऑक्टोबरमध्ये तेथे राष्ट्रकुल युवा क्रीडा स्पर्धा झाल्या, 2018 पासून काही वर्षे एटीपी दर्जाची टेनिस स्पर्धा भरली, 2019 च्या जानेवारीत खेलो इंडिया युवा स्पर्धा झाल्या आणि 2022 साली आशियाई महिला फुटबॉल करंडकाचे सामने खेळले गेले. एका राष्ट्रीय स्पर्धेसाठी बांधलेले संकुल तीन दशके कामास येते, हे भारतात सर्रास आढळणारे चित्र नाही. त्याचे श्रेय केवळ स्टेडियमला देता येणार नाही. राज्याची क्रीडा प्रबोधिनी, म्हणजे निवडक मुलामुलींना निवासी प्रशिक्षण देणारी संस्था, त्याच आवारात चालते, क्रीडा खात्याचा कारभारही तेथूनच चालतो, आणि म्हणून स्पर्धा नसलेल्या दिवशीही पहाटे कुणीतरी ट्रॅकवर असते. जेथे खेळाडू झोपतो तेथे मैदान जागे राहते. उणीव आहे ती पोहोचण्याची: हडपसर किंवा धायरीच्या मुलीला शाळेपूर्वी बालेवाडीला येऊन सराव करून परत जाणे शक्य नाही, आणि शहराच्या त्या टोकांना तोडीस तोड सरावाची मैदाने नसल्याने एकाच संकुलावर सारा भार पडतो. सोयी एकाच संकुलात एकवटण्याचा हा दोष 2030 चे आराखडे काढणाऱ्यांनी आधीच टाळावा.

गोव्याने 2014 च्या जानेवारीत पोर्तुगीजभाषक देशांच्या लुसोफोनिया स्पर्धा भरवल्या आणि पुढे 2023 साली 37 व्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धा घेताना सायकलिंग व गोल्फ दिल्लीत खेळवले. त्यावेळी काहींना हे कमीपणाचे वाटले असेल, पण एवढ्याशा राज्यात पंधरवड्यासाठी सायकलिंगचा लाकडी ट्रॅक न बांधण्याचा निर्णय शहाणपणाचा होता. उलट म्हापशातील पेडे येथील बंदिस्त सभागृहात जागतिक दर्जाची टेबल टेनिस स्पर्धा भरू शकली, कारण त्या खेळाला तेथे रोजचे खेळाडू आहेत.

दिल्लीच्या 2010 च्या अनुभवावर पुष्कळ लिहून झाले आहे; येथे फक्त वेळेच्या हिशेबापुरता उल्लेख. यजमानपद 2003 च्या नोव्हेंबरात मिळाले होते, तरी सुरुवातीची मोलाची वर्षे निर्णयांवाचून गेली आणि महालेखापरीक्षकांच्या 2011 च्या अहवालाने त्यावरच बोट ठेवले. उद्घाटनाला बारा दिवस उरले असताना जवाहरलाल नेहरू स्टेडियमबाहेरील पादचारी पूल कोसळून मजूर जखमी झाले. घाईची किंमत सर्वांत आधी मजूर मोजतो, म्हणून उशीर हा नियोजनातील दोष केवळ पैशाचा मानता येत नाही. त्याच स्पर्धेत रग्बी सेव्हन्स दिल्ली विद्यापीठाच्या आवारात खेळवण्याचा निर्णय मात्र अनुकरणीय होता. विद्यापीठाचे मैदान विद्यार्थ्यांच्या वाटेवर असते आणि त्याला पुढचा वापरकर्ता शोधावा लागत नाही.

या सर्वांतून कामाची एक पद्धत सुचवावीशी वाटते. प्रत्येक स्पर्धास्थळाच्या नकाशांच्या संचात पहिले पान 2040 सालातील एका साध्या मंगळवारचे असावे: पहाटे साडेपाचला कुलूप कोण उघडणार, सहा ते आठ कोणत्या शाळेची मुले येणार, त्यांच्याकडून किती शुल्क घेणार, तलावाच्या गाळणयंत्राचे वीजबिल कोणत्या लेखाशीर्षातून भरणार, आणि झिजलेला सिंथेटिक ट्रॅक नव्याने टाकण्याचा निधी कोणी बाजूला ठेवला आहे. उद्घाटन सोहळ्याचे पान त्यानंतरचे. पहिल्या पानावर शाळेचे, महाविद्यालयाचे किंवा क्रीडा मंडळाचे नाव लिहिता येत नसेल, तर तेथे पाया खणू नये, सांगाडा उभारावा. परिषदेच्या तांत्रिक सत्रांत या पानाचा नमुना तक्ता तयार व्हावा आणि तो महाराष्ट्रातील जिल्हा व तालुका क्रीडा संकुलांना आधी लावून पाहावा, अशी विनंती या व्यासपीठावरून करण्यात येत आहे. कारण 2036 साली धावू पाहणारी मुले आज त्याच संकुलांच्या फाटकापाशी कुलूप उघडण्याची वाट पाहत उभी आहेत.