कसुती : दोन्ही बाजूंनी सारखी
(नभोवाणीवरील भाषण)



भरतकाम हा शब्द उच्चारताच आपल्यापैकी अनेकींना शाळेतील शिवणाचा तास आठवत असेल. रुमालाच्या कोपऱ्यातील फूल, उशीच्या अभ्र्यावरील पोपट, साखळी टाका, गाठीचा टाका आणि वर्षाच्या अखेरीस बाईंच्या टेबलावर तपासणीसाठी ठेवलेले नमुन्यांचे कापड ! त्या तासाला गुण होते, मुदत होती. आणि जेथे गुण व मुदत येतात तेथून छंद हळूच पाय काढून घेतो. म्हणूनच शाळा सुटल्यावर पुष्कळांनी सुई खाली ठेवली ती कायमची. ती पुन्हा हाती घ्यावी असे ज्यांना वाटत असेल, त्यांना मी आज एका विशिष्ट भरतकामाची ओळख करून देणार आहे. हे काम दूरदेशीचे नाही. बेळगाव, धारवाड, हुबळी, विजापूर या पट्ट्यात ते पिढ्यान्‌पिढ्या घरोघरी चालत आले आहे. त्याचे नाव कसुती.

‘कै’ म्हणजे हात आणि ‘सुती’ म्हणजे सूत. या दोन शब्दांवरून हे नाव आले असे सांगतात. नाव कानडी असले, तरी मराठी घरांना हे काम परके नाही. सीमेवरच्या गावांतून एकाच वाड्यात दोन्ही भाषा नांदत आल्या, आणि शेजारणीच्या पदरावरील मोर धागे मोजून उतरून घेण्यास भाषेची अडचण कधीच पडली नाही. मराठी मुलुखात संक्रांतीला नेसावयाची काळी चंद्रकळा आपणास ठाऊक आहेच. तिकडच्या नववधूच्या कपड्यांत काळ्या रेशमाची ‘चंद्रकाळी’ असे, आणि तिच्यावर कसुती हवीच. इरकली लुगड्यांचे पदर, चोळ्या, तान्ह्या बाळाच्या कुंच्या यांवरही हीच नक्षी उमटे. देवळाचे गोपुर, तुळशीवृंदावन, रथ, पालखी, अंबारीचा हत्ती, नंदी, पाळणा, मोर, राघू, कमळ : दारासमोरून जे जात होते आणि अंगणात जे उभे होते, तेच या बायकांनी सरळ व तिरप्या रेघांत बसविले. कापडाच्या ताण्याबाण्यावर टाके मोजून काम करावयाचे, त्यामुळे वळणाला येथे वावच नाही. मोराची मानदेखील पायऱ्यापायऱ्यांनीच वाकते.

कसुतीत टाके मुख्यत्वेकरून चार. पहिला ‘गवंती’. हा साधा धावदोराच आहे, मात्र जातायेता दोनदा घातलेला. जाताना सुटलेल्या जागा परतताना भरल्या जातात आणि अखंड रेघ तयार होते. दुसरा ‘मुरगी’. कृती तीच, परंतु टाके जिन्याच्या पायऱ्यांसारखे पडतात. तिसरा ‘नेगी’, या शब्दाचा संबंध विणण्याशी आहे, आणि लांब-आखूड धावदोऱ्यांच्या ओळींमुळे नक्षी खरोखरीच मागावर विणल्यासारखी दिसते. चौथा ‘मेंथी’, म्हणजे आपला फुलीचा टाका. याला मेथीचे नाव आहे. ‘गवंती’ या शब्दाचे मूळ गाठ या अर्थाच्या शब्दात आहे असे सांगतात. गंमत अशी, की नाव गाठीचे असले तरी या कामात गाठ मारावयाचीच नाही. जुन्या जाणत्या बायकांचा दंडक असा, की गवंती आणि मुरगी यांचे काम दोन्ही बाजूंनी हुबेहूब सारखे दिसले पाहिजे. कापड उलटे करावे, तरी सुलटे कोणते हे ओळखता येऊ नये.

या एका दंडकामुळे हे काम हाताइतकेच बुद्धीचेही होते. इतर भरतकामात दोरा मागच्या बाजूने कसाही उडी मारून पुढे गेला तरी चालते. येथे मागची बाजू अशी नाहीच. प्रत्येक रेघेवरून दोऱ्याने दोनदा जावयाचे, एकदा वरून आणि एकदा खालून. मग तुळशीवृंदावनासारखी अनेक फांद्यांची आकृती पुरी करून निघाल्या जागी परत यावयाचे कसे ? प्रथम हे कोडे अवघड वाटते, परंतु त्याची युक्ती फार सुंदर आहे. मुख्य रेघ धरून निघावे, एक टाका वर आणि एक खाली. वाटेत फाटा लागला, की मुख्य वाट तेथेच सोडून फाट्याच्या टोकापर्यंत जावे आणि त्याच वाटेने माघारी यावे. जाताना जेथे टाका वर पडला, तेथे येताना दोरा खालून जातो. जेथे खाली गेला होता, तेथे वर येतो. फाटा तीन टाक्यांचा असो वा सात, जाऊन येऊन टाक्यांची संख्या नेहमी समच भरणार. त्यामुळे मुख्य वाटेवर पाऊल ठेवताच वर-खालचा क्रम जसा सोडला तसाच पुढे चालू होतो. आकृती एकसंध असेल, तर ती कितीही गुंतागुंतीची असो, या रीतीने ती पुरी होतेच. आकृतीचा एखादा तुकडा सुटा असेल, तरच दोरा तोडून नव्याने आरंभ करावा लागतो.

गणित शिकलेल्यांना हा सिद्धान्त कागदावर सिद्ध करून दाखविता येईल. ज्यांनी शाळेचे तोंडही पाहिले नाही, अशा बायकांनी तो लुगड्यावर घालून ठेवला आहे. आणि माणसाची बुद्धी एकाच वाटेने किती ठिकाणी पोहोचते पाहा ! गवंतीचाच टाका युरोपात ‘होल्बाइन टाका’ म्हणून ओळखला जातो. हान्स होल्बाइन या चित्रकाराने १५३६-३७ च्या सुमारास इंग्लंडची राणी जेन सीमोर हिचे चित्र काढले. त्यात तिच्या बाह्यांच्या कडांवर काळ्या दोऱ्याचे असे काम दिसते. ती नक्षी कोणा सुईवालीच्या हातची होती; टाक्याला नाव मात्र चित्रकाराचे मिळाले. आपल्याकडे निदान टाक्यांची नावे तरी घरातली राहिली.

कापडाच्या मागच्या बाजूशी प्रत्येक प्रांताने आपापला व्यवहार ठरविला आहे. पंजाबची फुलकारी खादीच्या उलट बाजूने धागे मोजून भरतात आणि सुलट बाजूस रेशमाची झळाळी उमटते. लखनौच्या चिकनकामात मागे घातलेल्या दोऱ्याची सावली पातळ मलमलीतून पुढे दिसते, तेवढीच शोभा. चंब्याच्या रुमालांचे भरीव काम कसुतीप्रमाणेच दोन्हीकडून सारखे असते. हा छंद केवळ स्त्रियांचा आहे असेही कोणी समजू नये. काश्मिरी शालींवरील अत्यंत नाजूक सुईकाम पुरुष करीत आले आहेत. घरातील एखादा मुलगा शेजारी बसून धागे मोजू लागला, तर त्याला उठवू नका.

आता आरंभ कसा करावा ते सांगते. प्रथमच रेशमी लुगडे हाती घेऊ नये. ज्याचा ताणाबाणा डोळ्यांना स्पष्ट दिसतो असे जाडसर कापड घ्यावे. फुलीच्या टाक्यासाठी वापरतात ते मॅटीचे कापड उत्तम. इंदूर, ग्वाल्हेर, बडोदे, हैदराबाद, कोठेही ते मिळते. सुई बोथट टोकाची असावी, म्हणजे ती धागा फोडीत नाही, दोन धाग्यांमधून वाट काढते. सहापदरी दोऱ्याचे दोन पदर सुटे करून ओवावे आणि दोरा हातभरापेक्षा लांब घेऊ नये. लांब दोरा गुंततो व घासून निस्तेज होतो. गडद रंगाचा दोरा पांढऱ्या कापडावर घालण्यापूर्वी ओल्या फडक्यावर घासून पाहावा, म्हणजे रंग जातो किंवा काय ते आधीच समजेल. आरंभी गाठ न मारता बोटभर टोक मोकळे सोडावे. काम पुरे झाल्यावर ते त्याच रेघेतील टाक्यांखालून फिरवून कापावे. टाक्याला चार धागे धरले, तर सर्वत्र चारच धरावे. एका जागी तीन किंवा पाच झाले, की ती चूक पुढच्या कोपऱ्यावर उघडी पडते; आकृती मिळत नाही. तेव्हा न चिडता उसवावे. उसवणे हाही या कामाचा एक भागच आहे. काळ्या कापडावरचे काम मात्र दिवसाउजेडी, खिडकीशी बसूनच करावे, आणि अधूनमधून दूरवर पाहून डोळ्यांना विसावा द्यावा.

पहिल्या आठवड्यात एक साधी किनार, दुसऱ्यात एक छोटे वृंदावन, एवढे पुष्कळ झाले. नमुने कोठून आणावे ? छापील पुस्तके आहेतच. परंतु त्याहून चांगला मार्ग म्हणजे घरातील जुनी पेटी उघडावी. आजीचे, पणजीचे विरलेले इरकली लुगडे, कोणाची तरी लहानपणची कुंची त्यात सापडते. अशी वस्त्रे बोहारणीला देऊन भांडे घेण्याची आपली जुनी रीत आहे, आणि भांडे उपयोगी पडते हे खरे. परंतु लुगडे देण्यापूर्वी त्यावरची नक्षी चौकटीच्या कागदावर उतरून घ्यावी. एक टाका म्हणजे एक घर. ही चित्रे काढणाऱ्या बायकांनी आपली नावे कोठे लिहिली नाहीत आणि कागदावर नमुने ठेवले नाहीत. त्यांचे चित्र होते ते त्या कापडावरच. कापड गेले की ते गेलेच. ज्यांच्या घरी असे काही नाही, त्यांनी ठिपक्यांची रांगोळी आठवावी. त्यातील सरळ व तिरप्या रेघांच्या आकृती थोड्या फेरफाराने कसुतीत सहज येतात.

हे सर्व मी अशासाठी सांगते, की या कामाचे भवितव्य बाजाराच्या हाती पूर्णपणे सोपविता येईल असे मला वाटत नाही. २००६ साली कसुतीला भौगोलिक निर्देशनाचे संरक्षण मिळाले, ही आनंदाची गोष्ट आहे. परंतु कायदा नावाचे रक्षण करतो. धागे मोजण्याचा वेळ तो कोणाला मिळवून देऊ शकत नाही. पदरभर कसुती म्हणजे आठवड्यांचे काम, आणि त्याची खरी किंमत देणारी गिऱ्हाईके थोडी. म्हणून कापडावर नक्षी आधी छापून घेतात, मागच्या बाजूचा दंडक सैल करतात, यंत्रावर भरलेली किंवा नुसती छापलेली ‘कसुती’ही दुकानात मांडलेली असते. पोटासाठी काम करणाऱ्या बाईला त्याबद्दल दोष देणे अन्यायाचे होईल. तिला मिळणाऱ्या मजुरीत दोन्ही बाजू सारख्या ठेवणे परवडतच नाही. परवडते ते आपल्याला. जिला तासाचा हिशेब द्यावयाचा नाही तीच निश्चिंतपणे धागे मोजू शकते. म्हणून अव्वल कसुतीची कसोटी जिवंत ठेवण्याचे काम छंद म्हणून सुई धरणाऱ्यांकडे येते. शिवाय ज्या बाईने स्वतः चार बोटे कसुती केली आहे, ती दुकानात गेली की पदर प्रथम उलटून पाहील, आणि काम खरे दिसले तर किमतीसाठी घासाघीस करणार नाही. कारागिराला असा जाणता ग्राहक मिळणे हीसुद्धा मोठीच मदत होय.

आपल्याकडे घरातल्या बाईने स्वस्थ बसून काही केले, की “याचे पुढे काय करणार ? विकणार का ?” असा प्रश्न येतो. विकावयाचे असेल तिने अवश्य विकावे. परंतु उत्तर न देताही हा छंद करता येतो, हेही लक्षात असू द्यावे. रोजचा स्वयंपाक संध्याकाळी संपतो, झाडलेले अंगण सकाळी पुन्हा झाडावे लागते. घातलेला टाका मात्र उद्या तेथेच असतो. दिवसाच्या अखेरीस आपल्या हातचे चार बोटे काम जसेच्या तसे उरले आहे, ही जाणीव मनाला फार मोठे समाधान देते. ते काम कोणी पाहिलेच पाहिजे असेही नाही.

तेव्हा येत्या आठवड्यात हातभर मॅटी, एक बोथट सुई आणि काळ्या दोऱ्याची एक लड आणावी. एक रेघ घालावी, त्याच रेघेने परत यावे, आणि मग कापड उलटून पाहावे. दोन्ही बाजू सारख्या दिसल्या, तर पुढची रेघ कशी घालावी हे कोणी सांगावयास नको.